गुडघे साथ देत नाहीत, कोर्सवर गाडी नाही : गोल्फच्या राउंडचा खरा हिशेब

रात्री पाऊस पडून गेला की सकाळी प्रो शॉपच्या दारात पाटी लागते : आज गाड्या फक्त पक्क्या वाटेवर. ज्याचे पाय धड आहेत तो हातात तीन स्टिक घेतो, वाटेवर गाडी उभी करतो आणि चालत चेंडूपाशी जातो. पण गुडघ्याची वाटी बदललेल्या, मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या, पक्षाघातानंतर एका बाजूचा जोर गेलेल्या किंवा पार्किन्सन जडलेल्या माणसाला ती पाटी म्हणजे घरी परत जाण्याची सूचना वाटते. एका होलला वाटेपासून चेंडूपर्यंत आणि चेंडूपासून वाटेपर्यंत तीन-चार फेऱ्या, आणि होल अठरा. टी टाइमचे पैसे तर आधीच भरलेले असतात.

अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेली मराठी पिढी आता निवृत्त झाली आहे. न्यू जर्सीत, शिकागोच्या उपनगरांत, बे एरियात यांतल्या अनेकांनी गोल्फ चाळिशी-पन्नाशीत ऑफिसच्या मित्रांबरोबर शिकला. ज्या वयात हातात वेळ आला त्याच वयात गुडघ्यांनी दगा दिला. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि भारतातून मुलांकडे येणाऱ्या त्यांच्यासारख्या आई-वडिलांसाठीही.

चालायला त्रास असणाऱ्या खेळाडूसाठी गाडी हा आधी परवानगीचा प्रश्न आहे आणि मग पैशांचा. हा क्रम उलटा झाला की खिशाला भोक पडतं. दहा-बारा हजार डॉलरचं यंत्र घरी येतं आणि मग कळतं, की गाडीला लावायच्या, कोर्सवर फुकट मिळणाऱ्या एका वैद्यकीय झेंडीने काम भागलं असतं. किंवा त्याहून वाईट, यंत्र आहे पण नेहमीच्या कोर्सला ते चालत नाही. म्हणून आधी फुकटच्या गोष्टी बघू, यंत्रं शेवटी.

बंदी नेमकी कसली आहे?

फोनवर "आज गाडी मिळेल का?" एवढंच विचारू नका. उत्तर "हो" येईल आणि तिथे गेल्यावर गाडी वाटेवरून खाली उतरवता येणार नाही. बंदीचे प्रकार चार. पहिला, गाडी फक्त पक्क्या वाटेवर. दुसरा, ज्याला तिथे नव्वद अंशांचा नियम म्हणतात : वाटेने चेंडूच्या रेषेत यायचं, काटकोनात वळून फेअरवेवर जायचं, खेळून त्याच रेषेने परत यायचं. हा नियम बहुतेकांना झेपतो. तिसरा, काही विशिष्ट होलवर बंदी, बहुधा पार थ्रीच्या. चौथा, गाडीच नाही. तो पाण्याने भिजलेल्या दिवसापुरता असतो किंवा कोर्सचं कायमचं धोरणच तसं असतं.

यामागचं कारण खोटं नसतं. दोन माणसं, दोन बॅगा आणि बॅटऱ्या धरून गाडीचं वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं. ओल्या मातीवर तेवढा भार फिरला की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, चाकांचे चर उमटतात आणि ते दुरुस्त करायला आठवडे लागतात. ग्रीनकीपरची ही अडचण समजून घेऊन बोललात तर संभाषण बरंच सोपं होतं. शंभर गाड्यांना बंदी घालणं आणि एका गाडीला सवलत देणं, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शक्य असतात. तुम्हाला मागायचं आहे ते एवढंच.

कायदा कुठे उभा आहे

केसी मार्टिन हे नाव लक्षात ठेवा. ओरेगनचा हा खेळाडू स्टॅनफर्डमध्ये टायगर वुड्सचा संघसहकारी होता. जन्मापासून उजव्या पायात रक्ताभिसरणाचा दुर्मिळ दोष. चाललं की पाय सुजायचा, हाडाला धोका निर्माण व्हायचा. व्यावसायिक स्पर्धेत गाडी वापरू द्या, म्हणून त्याने १९९७ मध्ये पीजीए टूरविरुद्ध दावा लावला. टूरचं म्हणणं असं, की चालण्याचा थकवा हा खेळाचाच भाग आहे. २९ मे २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. चेंडू होलपर्यंत फटक्यांनी नेणं हा गोल्फचा गाभा आहे, चालणं नाही, हा त्या निकालाचा आशय. खटल्यात एका तज्ज्ञाने हिशेबही मांडला होता : अठरा होलचं सुमारे पाच मैल चालणं म्हणजे अंदाजे पाचशे कॅलरी. तेवढ्याने खेळाडू खेळता येऊ नये इतका थकतो हे न्यायालयाला पटलं नाही. मार्टिनला गाडी असूनही उतरून-चढून मैलभर चालावं लागायचं. पुढे तो ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला, २०१६ मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि २०२१ मध्ये तो पाय अखेर कापावा लागला.

हा निकाल अपंगत्वविषयक अमेरिकी कायद्यावर आधारलेला आहे. हा कायदा १९९० चा, तिथे सगळे त्याला एडीए म्हणतात. आपल्यासारख्या हौशी खेळाडूला त्यातलं काय कामाचं आहे ते सांगतो.

काउंटी, शहर किंवा राज्य चालवतं असे कोर्स आणि लोकांना पैसे घेऊन खेळू देणारे खासगी कोर्स, दोन्ही या कायद्याखाली येतात. अपंग व्यक्तीसाठी आपल्या नियमात वाजवी बदल करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांचे काउंटी कोर्स, उदाहरणार्थ ईस्ट ब्रन्सविकचा टॅमरॅक, या सरकारी गटात मोडतात. केवळ सभासदांसाठी असलेला खराखुरा खासगी क्लब मात्र सुटतो. तरी त्याच क्लबने एखाद्या कंपनीच्या किंवा मंडळाच्या स्पर्धेला मैदान भाड्याने दिलं, तर तेवढ्यापुरता तोही कायद्याच्या कक्षेत येतो. महाराष्ट्र मंडळांच्या देणगी-स्पर्धा ज्यांच्याकडे आयोजनाला असतात त्यांनी हे करार करतानाच लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट पैशांची. अपंगत्वामुळे द्यावी लागणारी सोय म्हणून तुमच्याकडून जादा आकार घेता येत नाही. गाडीचं नेहमीचं भाडं जे सगळे भरतात ते तुम्हीही भरा. पण "झेंडी लावायची तर दहा डॉलर वेगळे" असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, आणि ते शांतपणे पण तिथल्या तिथे सांगायला हवं.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. तुमचं स्वतःचं मोटरवर चालणारं यंत्र असेल, तर २०११ पासून लागू असलेल्या नियमांत त्याची स्वतंत्र तरतूद आहे. त्या व्याख्येत गोल्फची गाडी नावानिशी आलेली आहे. सुरक्षिततेचं किंवा जमिनीच्या गंभीर नुकसानीचं खरं कारण दाखवता येत नसेल तर असं यंत्र अडवता येत नाही. पुरावा म्हणून राज्याने दिलेलं अपंग पार्किंगचं प्लॅकार्ड पुरतं. ते नसेल आणि डोळ्यांना उघड विसंगत असं काही दिसत नसेल, तर तोंडी सांगणंही ग्राह्य धरावं लागतं. आजार कोणता, किती, केव्हापासून, हे विचारण्याचा अधिकार त्यांना नाही.

पण कायदा म्हणजे हुकमी पत्ता नाही. तळ्यासारखं पाणी साचलेल्या फेअरवेवर, घसरणाऱ्या उतारावर कोर्सने सगळ्यांनाच मनाई केली तर ती बहुधा टिकेल. तिथे वाद घालू नये. पैसे परत मागावेत, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फुकट किंवा जवळजवळ फुकट

पहिलं प्लॅकार्ड. कायम अपंगत्वासाठी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास या राज्यांत ते विनाशुल्क मिळतं. शस्त्रक्रियेनंतरचं तात्पुरतं प्लॅकार्ड कॅलिफोर्नियात ६ डॉलर, न्यू जर्सीत ४ डॉलर. फॉर्मचा एक भाग डॉक्टर भरतात. नियमित तपासणीच्या वेळीच तो पुढे केलात तर वेगळी फी पडत नाही. फक्त फॉर्मसाठी गेलात तर काही दवाखाने वीस-तीस डॉलर लावतात. आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना हे प्लॅकार्ड घ्यायचा संकोच वाटतो. "अजून तेवढं काही झालेलं नाही" हे वाक्य मी या संदर्भात इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं : घ्या. गाडीतल्या काचेमागे ठेवा, गरज नसेल त्या दिवशी वापरू नका. पण ज्या सकाळी प्रो शॉपमध्ये वाद उभा राहतो, तिथे दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा याने काम लवकर होतं.

दुसरी झेंडी. बहुतेक सार्वजनिक कोर्सकडे मेडिकल फ्लॅग किंवा एडीए फ्लॅग असतो. कुठे निळा, कुठे लाल, कुठे पिवळा. प्लॅकार्ड दाखवलं की तो तुमच्या गाडीला लावतात. मग वाटेपुरत्या बंदीच्या दिवशीही गाडी चेंडूपर्यंत नेता येते आणि ग्रीनच्या बऱ्याच जवळ थांबवता येते. ग्रीन, टी आणि बंकर यांवर किंवा त्यांच्या अगदी कडेला कुणीच जात नाही. तो नियम तुम्हालाही लागू. झेंडी लावली की मार्शल अडवत नाही, रोज नव्याने खुलासा करावा लागत नाही. मात्र ती मागावी लागते. काउंटरवरचा मुलगा आपण होऊन देईल अशी वाट बघू नका.

तिसरी गोष्ट डॉक्टरांचं पत्र. ज्या कोर्सवर कायमच चालायचं धोरण आहे तिथे ते बहुधा मागतात. पत्रात निदान लिहायची गरज नाही. चालण्याची क्षमता मर्यादित आहे, अंतर किती झेपतं, आणि गाडी चेंडूजवळ नेण्याची गरज आहे, एवढ्या तीन ओळी पुरे. तारीख ताजी असावी.

चौथा फोन. तो दोनदा करायचा : एकदा टी टाइम घेण्याआधी, एकदा त्याच सकाळी निघण्यापूर्वी. पहिल्या फोनवर विचारा, की वाटेपुरती बंदी असेल तेव्हा झेंडीवाल्या गाडीला खाली उतरू देता का, गाडी अजिबात बंद असेल तर पैसे परत मिळतात की फक्त पुढच्या खेपेची पावती, आणि एकट्याने गाडी घेतली तर दोघांचं भाडं लावता का. उत्तर ईमेलवर मागवा. ज्यांनी आगाऊ भरणा ऑनलाइन केला आहे त्यांच्यासाठी हा ईमेल फार मोलाचा ठरतो, कारण बुकिंग संकेतस्थळांच्या अटींत "हवामानामुळे" परतावा बहुतेकदा कोर्स पूर्ण बंद असेल तरच मिळतो. गाडी बंद आणि कोर्स सुरू, ही मधली स्थिती त्या अटींत सापडत नाही.

वेळही पैशांइतकीच महत्त्वाची. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉयमध्ये मार्च-एप्रिलमध्ये जमीन ओली असते, ऑक्टोबरनंतर सकाळी हिम धरतं. जुलै-ऑगस्टची दुपार ही गाडीसाठी सर्वांत मोकळी. शिवाय दुपारनंतरचा ट्वायलाइट दर सकाळच्या दरापेक्षा बराच कमी असतो. उन्हाची काळजी घेता येत असेल तर दोन्ही फायदे एकदम मिळतात.

गाडीचं भाडं

काउंटी आणि शहरांच्या कोर्सवर अठरा होलसाठी माणशी साधारण १५ ते २५ डॉलर, नऊ होलसाठी १० ते १५. रिसॉर्टवर २५ ते ४०, किंवा ग्रीन फीमध्येच धरलेलं. स्थानिक रहिवाशांना काउंटीचं ओळखपत्र काढून ग्रीन फीत मोठी सवलत मिळते. गाडीच्या भाड्यात मात्र ती बहुधा नसते. ज्येष्ठांचा दर विचारा, तो अनेक ठिकाणी फक्त सोमवार ते गुरुवार किंवा शुक्रवारपर्यंत असतो.

सही करताना गाडीच्या करारातलं नुकसानभरपाईचं कलम वाचा. पायाला ब्रेकचा अंदाज येत नसेल, म्हणजे पाऊल बधिर असेल, तर गाडी सोबत्याने चालवावी. इथे पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवता येईल अशी गाडी कोर्सकडे आहे का, हे त्या पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

जिथे चालायचाच नियम आहे

अमेरिकेतले काही सर्वांत नावाजलेले कोर्स मुळातच चालण्यासाठी आहेत : ओरेगनचं बँडन ड्यून्स, न्यूयॉर्कमध्ये लाँग आयलंडवरचा बेथपेज ब्लॅक, विस्कॉन्सिनमधले एरिन हिल्स आणि व्हिसलिंग स्ट्रेट्स, वॉशिंग्टन राज्यातला चेंबर्स बे. आयुष्यात एकदा तिथे खेळावं असं अनेकांच्या मनात असतं आणि "तिथे गाडी नाही" म्हणून ते सोडूनही दिलेलं असतं. सोडू नका. बँडन ड्यून्स, चेंबर्स बे आणि एरिन हिल्सकडे वैद्यकीय कागदपत्रांवर गाडीची सवलत आहे. ती आयत्या वेळी नव्हे, बुकिंगबरोबर मागायची असते.

बेथपेज ब्लॅकवर २०१९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये जॉन डेलीने गुडघ्याच्या त्रासामुळे एडीएखालीच गाडी वापरली. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशला ब्रिटिश ओपनच्या आयोजकांनी त्याला गाडी नाकारली. तेव्हा अमेरिकेत जे मिळालं ते दुसऱ्या देशात गृहीत धरू नये.

खर्चाचा विचार केला तर अशा ठिकाणी गाडी स्वस्त आणि बाकीचं महाग असतं. बँडनला हंगामात ग्रीन फी ३०० डॉलरच्या पुढे. कॅडी घेतला तर किमान शंभर डॉलर आणि वर बक्षिशी, म्हणजे दीडशे किंवा त्याहून जास्त रकमेची तयारी ठेवा, रोख. बेथपेज ब्लॅकला बाहेरच्या राज्यातल्याला न्यूयॉर्कच्या रहिवाशापेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. मुलगा किंवा जावई न्यूयॉर्कचा रहिवासी असेल तर त्याच्या नावावर आपला दर कमी होईल असं मात्र समजू नका. प्रत्येकाचं रहिवासी ओळखपत्र वेगळं तपासलं जातं. कॅडी मात्र घ्याच. बॅग वाहायला कुणी असेल, उतारावर हात धरायला कुणी असेल, तर जो माणूस तीन होल खेळून थांबला असता तो नऊ होल खेळतो. मी या एका बाबतीत काटकसर करू नका म्हणेन.

स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं स्वप्न असेल, तर तिथे बग्गी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही. ब्रिटनमध्ये समानतेचा २०१० चा कायदा वाजवी सोय करणं बंधनकारक करतो आणि त्या सोयीचा खर्च अपंग व्यक्तीवर टाकू देत नाही. पण कागद आधी पाठवावे लागतात, आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी लेखी होकार हातात हवा.

यंत्रं : काय घ्यावं, काय घेऊ नये

ज्यांना थोडं चालता येतं पण बॅग ओढवत नाही, त्यांच्यासाठी तीन चाकांची ढकलगाडी. नवी १५० ते ३५० डॉलर, कोर्सवर भाड्याने आठ-दहा डॉलर. तोल सांभाळायला तिचा दांडा आधारासारखा वापरायची सवय अनेकांना लागते. ती धोक्याची आहे. उतारावर ती पुढे पळते. आधार हवा असेल तर काठी वेगळी ठेवा.

रिमोटवर चालणारी विजेची ट्रॉली १,००० ते २,५०० डॉलर. चांगली वस्तू आहे. ज्या कोर्सवर गाडी बंद असते तिथेही ट्रॉली बहुधा चालते, कारण तिचं वजन नगण्य. पण ती प्रवासात न्यायची असेल तर बॅटरी बघा. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट आणि १० ॲम्पिअर-अवरची बॅटरी २४० वॉट-अवरची झाली. प्रवासी विमानात १०० पर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर मनाई. व्हीलचेअरसाठी नियम सैल आहेत, पण ट्रॉली व्हीलचेअरमध्ये मोडत नाही. मुंबईला परतताना सोबत न्यायच्या विचाराने मोठी बॅटरी घेणाऱ्यांनी हा हिशेब दुकानातच करावा.

बसून एकट्याने चालवायची, सीट वळणारी, बसल्या बसल्या फटका मारता येणारी गाडी नवी घेतली तर दहा हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढे. खेळाडूला पट्ट्यांनी धरून उभं करणारं पॅरागोल्फर हे यंत्र २५ हजारांच्या पुढे. ज्यांच्या दोन्ही पायांत जोर नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या यंत्राची किंमत योग्यच आहे. त्याशिवाय ते उभ्याने खेळूच शकत नाहीत. पण स्टँड अप अँड प्ले फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था अशी यंत्रं कोर्स आणि पुनर्वसन केंद्रांकडे ठेवते. तेव्हा विकत घेण्याआधी जवळ कुठे आहे ते शोधा. लष्करातून निवृत्त झालेल्यांसाठी पीजीए होप हा विनामूल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. दुसऱ्या पिढीतली आपली काही मुलंमुली अमेरिकी सैन्यात गेली आहेत, त्यांना हे ठाऊक असावं.

एकट्याने बसायच्या गाडीबाबत मात्र मी बहुतेकांना "थांबा" म्हणेन. साधा हिशेब करा. हंगामात २० राउंड, दर राउंडला २२ डॉलर भाडं, म्हणजे वर्षाला ४४० डॉलर. १२,००० डॉलरची गाडी या हिशेबाने वसूल व्हायला २७ वर्षं लागतील. वर तिला न्यायला ट्रेलर, घरी ठेवायला जागा, काही वर्षांनी नव्या बॅटऱ्या, आणि कित्येक कोर्स स्वतःची गाडी आणल्याबद्दल घेतात ती ट्रेल फी. घराच्या विम्यात कोर्सवरच्या अपघाताची जबाबदारी येते का, हेही एजंटला विचारावं लागेल. ज्यांना भाड्याच्या गाडीतून चढउतार होते त्यांना हा सौदा परवडत नाही. ज्यांना ती होतच नाही, त्यांचा हिशेब वेगळा, आणि तो पैशांत मांडू नये.

कोर्सनेच अशी गाडी ठेवायला हवी का? केंद्रीय नियमांत तसा थेट आदेश नाही. पण २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने मॅरियट हॉटेल कंपनीच्या कोर्सबाबत अशा गाड्या ठेवण्याच्या बाजूने निकाल दिला. काही शहरांचे कोर्स एखाद-दुसरी गाडी ठेवतातही. ती चार्ज करून ठेवायला वेळ लागतो म्हणून दोन-तीन दिवस आधी सांगावं. भाडं नेहमीच्या गाडीइतकंच.

विक्रेता "मेडिकेअरमधून मिळेल" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. मेडिकेअर घरातल्या वावरासाठी लागणारी व्हीलचेअर किंवा स्कूटर देते. गोल्फचं यंत्र त्यात बसत नाही.

एक बिनपैशाची गोष्ट इथेच सांगतो. २०२३ पासून गोल्फच्या मूळ नियमपुस्तकात अपंग खेळाडूंसाठी पंचविसावा नियम आला आहे. चाकाच्या साधनावरून खेळणाऱ्याला बंकरमध्ये चेंडू अडकला तर एका फटक्याच्या दंडात बाहेर येता येतं, बाकीच्यांना त्याचे दोन मोजावे लागतात. काठीवर किंवा कुबडीवर खेळणाऱ्यांसाठीही सवलती आहेत. मंडळाच्या स्पर्धेतसुद्धा त्या हक्काने मागाव्यात, त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. आणि पुढच्या टीवरून खेळा. नव्या किंवा बदल केलेल्या कोर्सवर पुढची टी गाडीने पोहोचण्याजोगी ठेवणं, वाट किमान ४८ इंच रुंद असणं, आणि वाटेच्या कडेला कठडा असेल तर ७५ यार्डांच्या आत ६० इंचांची फट असणं, हे मानकांतच लिहिलेलं आहे. फट दिसली नाही तर त्या कोर्सला कळवा.

भारतातून येणारे आई-वडील

कायद्याचं संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही. पर्यटक व्हिसावर आलेले बाबाही त्यात येतात. निघताना भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांचं इंग्रजीतलं पत्र घ्या, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड असेल तर तेही सोबत ठेवा. कोर्सला ते ओळखीचं नसेल, पण पत्राला आधार मिळतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर आधी डॉक्टरांचा होकार, मग पहिले काही आठवडे नऊ होलचा छोटा पार थ्री कोर्स. पैसे निम्म्याहून कमी, अंतर पाव. आणि प्रवासाच्या आरोग्यविम्यात गुडघ्याचं जुनं दुखणं आधीपासूनचं म्हणून बहुधा वगळलेलं असतं, हे विसरू नका.

नकार मिळाला तर

काउंटरवर भांडू नका. व्यवस्थापकाचं नाव, वेळ, दिलेलं कारण लिहून घ्या, पाटीचा आणि मैदानाचा फोटो काढा. घरी येऊन दोन परिच्छेदांचा ईमेल करा : काय मागितलं, काय उत्तर मिळालं, पुढच्या वेळी काय अपेक्षित आहे. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण काउंटरवरच्या माणसाला धोरण ठाऊक नसतं आणि व्यवस्थापकाला ते असतं. नाही मिटलं तर अमेरिकेच्या न्याय विभागाकडे विनामूल्य तक्रार करता येते. सरकारी कोर्सविरुद्ध ती १८० दिवसांच्या आत करावी. त्या विभागाची मध्यस्थीची सोयही दोन्ही पक्षांना फुकट असते. खासगी चालकांच्या कोर्सविरुद्ध केंद्रीय कायद्याखाली स्वतः दावा लावला तर धोरण बदलून मिळतं, पैशांची भरपाई नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने प्रत्येक उल्लंघनाला किमान ४,००० डॉलर मिळू शकतात, आणि म्हणून तिथले कोर्स अधिक सावध असतात.

आणि महाराष्ट्रात

आपल्याकडे कॅडी हा खेळाचाच भाग आहे, त्यामुळे बॅगेचा प्रश्न नसतो. कॅडीला काहीशे रुपये, गाडीला हजाराच्या पुढे, अशी सर्वसाधारण रचना असते. अडचण येते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर फेअरवेवर गाडी उतरवू देत नाहीत, आणि सिडकोच्या खारघर व्हॅलीसारख्या डोंगरपायथ्याच्या कोर्सवर चढउतारही आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा येरवड्याचा पूना गोल्फ क्लब हे सभासदांचे क्लब. तिथे झेंडीची पद्धत आहे की नाही हे तिथल्या समितीच्या नियमांवर अवलंबून.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाजवी सोयीची व्याख्या करतो आणि खेळांतल्या सहभागाबद्दल स्वतंत्र कलमही देतो, पण गोल्फच्या गाडीसारख्या बारीक बाबीचे नियम त्यात नाहीत. म्हणून इथे अर्ज लेखी हवा आणि तो क्लबच्या सचिवांकडे, एकट्याने नव्हे तर तसाच त्रास असलेल्या चार-पाच सभासदांनी मिळून. मागणी नेमकी ठेवा : वैद्यकीय पत्रावर वर्षभरासाठी झेंडी, पावसाळ्यात ती कोणत्या होलवर चालेल त्याची यादी, आणि सोबत चालक म्हणून कॅडीला गाडी हाकण्याची परवानगी. दाद लागली नाही तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. वार्षिक वर्गणीचा चेक मात्र या अर्जाचं उत्तर आल्यावरच लिहा, कारण बारापैकी चार महिने गाडी मिळणार नसेल तर आठ महिन्यांच्या खेळासाठी एवढे पैसे द्यायचे का, हा प्रश्न तेव्हाच विचारता येतो.